समुद्र, नळ आणि आमची चैन



आमच्या मुलाला अलिबागजवळ समुद्रासमोर फ्लॅट घ्यायचा आहे. पैसे थोडे कमी पडतात, म्हणून माझ्या वडिलांनी मला दिलेला नांदेडचा प्लॉट विकावा असं त्याचं म्हणणं. मांडव्याची रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाली, २०२४ मध्ये अटल सेतू झाला. मुंबईत राहणाऱ्याला अलिबाग आता शेजारचं गाव वाटतं. त्याच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची भिंत दिसते, त्यामुळे मोकळं क्षितिज ही त्याची चैन. सूनबाईंना शांतता हवी. दोघांचंही खरंच आहे.

माझी चैन वेगळी. माहेरी नांदेडला गोदावरी होती, पाण्याचा विचार कधी केला नाही. लग्न होऊन लातूरला आले आणि हंडे, टाक्या, बोअर हेच संसाराचं शास्त्र झालं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यात भाजी धुतलेलं पाणी आम्ही जपून ठेवायचो. पाणी गाळून प्यायची शिकवण लहानपणापासूनची, पण गाळायलाच पाणी नसेल तर? तेव्हापासून नळाला धो-धो पाणी आलं की मला श्रीमंत झाल्यासारखं वाटतं.

म्हणून फ्लॅट बघायला गेलो तेव्हा मी आधी विचारलं, प्यायचं पाणी कुठून येतं? दाखवणारा मुलगा पोहण्याच्या तलावाबद्दल बोलत राहिला. कोकणात आमच्या तिप्पट-चौपट पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात कितीतरी वाड्यांना टँकर लागतो. उतारावरून पाणी वाहून समुद्राला मिळतं. किनाऱ्याजवळ उपसा जास्त झाला की विहिरी खाऱ्या होतात. समोर एवढं पाणी आणि घोटभर पिता येत नाही, हे लातूरच्या बाईला कसं पचावं?

बी.कॉम.ला घसारा शिकले होते. खाऱ्या हवेत ग्रिल, बिजागऱ्या, फ्रिज, एसी सगळ्यांवर तो भराभर चढतो. वर्षातून पंधरा दिवस राहायचं आणि बारा महिने मेंटेनन्स भरायचा. भाड्याने राहिलं तर किती स्वस्त, ते मी कागदावर मांडून दिलं. मुलगा म्हणाला, "आई, चैनीचा ताळेबंद नसतो." बोलण्यात दम होता.

खोटं कशाला बोलू, संध्याकाळी वाळूवर बसले तर उठावंसं वाटेना. सूर्यास्ताच्या देखाव्यासाठी म्हणे तिथे जास्त दर लावतात. हॉटेलातले लोक तेव्हा चहा-भजी मागवत होते. आमचं मात्र सूर्यास्ताआधीच जेवण उरकलेलं, भांडी घासून झालेली, हात मोकळे. चौविहार करणाऱ्यांइतका निवांत सूर्यास्त कोणाला मिळणार! फक्त सकाळी देवदर्शनाला मंदिर किती लांब, हे विचारायचं राहिलं नव्हतं. रिक्षा करावी लागते.

कुंथलगिरीला आम्ही दोघांनी परिग्रह-परिमाण घेतलं, त्यात जमीन आणि घर मिळून दोनच. प्लॉट विकून फ्लॅट घेतला तरी आकडा दोनच राहतो, हे यांनी लगेच सांगितलं. हिशेब बरोबर आहे. पण वडिलांनी तो प्लॉट घेतला तेव्हा आधी विहिरीचं पाणी चाखलं होतं, मग इसार दिला होता.

मी मुलाला एवढंच म्हटलं, मे महिन्यात पुन्हा जाऊ, तिथली विहीर बघू, आठ दिवस भाड्याने राहू आणि मग प्लॉटचं बोलू. तिकिटं काढली आहेत. गाळणं मी बॅगेत आधीच टाकलंय.