चेनचा ट्रॅक्टर

आमच्या वाडीत डिफेन्स म्हटलं की तोफगोळे. अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी शेजारीच. पण तोफ ओढणारा ट्रॅक्टर मुळात शेतकऱ्याचा, हे मला मामांनी सांगितलं. मामा तोफखान्यात होते, देवळालीला शिकलेले. "पहिले तोफा बैल ओढत, हत्तीबी ओढत. मंग चेनवाला आला," ते म्हणत.

पुढं मी वाचलं. अमेरिकेत स्टॉकटनकडची जमीन एवढी भुसभुशीत, की वाफेच्या इंजिनाची चाकं रुतून बसत. बेंजामिन होल्टनं चाकं रुंद करून पाहिली, भागलं नाही. १९०४ मध्ये त्यानं मागची चाकं काढून लाकडी फळ्यांचे पट्टे चढवले. वजन पसरलं, इंजिन चाललं. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी तेच ट्रॅक्टर घेऊन फ्रान्सच्या चिखलातून जड तोफा ओढल्या. नांगराच्या जागी तोफ, एवढंच. दुसऱ्या युद्धानंतर उलटं झालं. अमेरिकन फौजेनं इथं सोडलेले ट्रॅक्टर सरकारनं कांस उपटायला लावले. १९४९ मध्ये त्याच कामाच्या यंत्रांसाठी जागतिक बँकेचं कर्जही काढलं. कांसाची मुळं बैलाच्या नांगराले ऐकत नाहीत, हे काही मला पुस्तकातून कळायचं नव्हतं.

आता माझी गोष्ट. दुबार पेरणीचे दिवस. खालच्या बांधाशी माझा ट्रॅक्टर पेरणीयंत्रासकट फसला. जितका रेस करावा तितका खाली. आभाळ भरलेलं, बियाणं उधारीचं. शेजारच्या लेआउटवर चेनचा डोझर माती सपाट करत होता. त्या लेआउटवाल्यानं माझी पांदण अडवली होती, दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. तरी गेलो. काय करता?

डोझरवालं पोरगं बिचारं लगेच आलं. तारेचा दोर बांधला, दहा मिनिटांत ट्रॅक्टर वर. माझ्या चाकांचा खड्डा गुडघाभर, अन् त्याच्या एवढ्या जड मशीनच्या खुणा दोन बोटंही खोल नाहीत. मी पैसे काढले, त्यानं घेतले नाहीत.

"काका, शेत इकायचं असन तं सांगजा. सायब विचारून राहिले," तो म्हणाला.

मी काही बोललो नाही. आधी दोराची गाठ सोडली, दोर त्याच्या हातात दिला, मग म्हटलं, "नाही म्हणून सांग."

घरी सांगितलं तर घरची हसली. "दोर सोडेपर्यंत कायले थांबले?"

पाऊस संध्याकाळी आला. तोवर चार तास निघाले होते.