दारावरचं भात

घटस्थापनेच्या सकाळी समोरच्या बाल्कनीत दोरीवर तोरण वाळत घातलेलं दिसलं. टॉवेल, पायमोजे आणि त्यांच्या शेजारी दोन चिमटे लावून टांगलेला झेंडू. प्लॅस्टिकचा. साबणाच्या पाण्यातून नुकताच काढलेला, खाली थेंब गळत होते. गेल्या वर्षीही हाच होता, बहुधा त्याच्या आदल्या वर्षीही. ठाण्याच्या आमच्या सोसायटीत निम्म्या दारांना असाच झेंडू आहे, आणि माझा त्याच्यावर राग आहे. अवाजवी असेल, पण तो मी सोडणार नाही.

ताईआत्याचं तोरण चार दिवसांत संपायचं. सुकायचं नाही, संपायचं. चिमण्या खायच्या.

आत्या डोंबिवली पूर्वेला चाळीत राहायची. दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ती फडके रोडवरून झेंडू, आंब्याचे टहाळे आणि भाताच्या लोंब्यांच्या जुड्या आणायची. सगळं मिळून एका दिवसाच्या भाजीच्या पैशांत. मग केळीचा सोप भिजत घालून त्याचे धागे सोलायचे. सुतळी तिला चालत नसे, फूल कापलं जातं म्हणायची. मधोमध लोंब्यांचा झुबका, दोन्ही बाजूंना पान-फूल, पान-फूल. दुसऱ्या दिवशी दुपारी चाळ झोपली की चिमण्या यायच्या. लोंबीला उलट्या लटकून दाणे सोलायच्या, उंबऱ्यावर तुसं पडायची. मी हुसकायला धावले की आतून आवाज यायचा, “बसू दे गं तिला. भात काय बघायला असतं होय?”

दसऱ्याला मिळतात त्या लोंब्या हळव्या भाताच्या. मुरबाड-शहापूरकडे माळाच्या हलक्या जमिनीत हळवं लावतात, ते आश्विनात तयार होतं. खोलगट खाचरातलं गरवं कापायला दिवाळी उलटते. म्हणजे वर्षातला पहिला दाणा घरात यायचा तो दाराच्या चौकटीवर, हंडीत नंतर. कोकणात याला नवं बांधणं म्हणतात. ठाणे-वसईकडचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा करतात, तेव्हा हीच कणसं वाजतगाजत चर्चमध्ये जातात आणि आशीर्वाद घेऊन घरी येतात. गोव्यात राय गावी हा सण 5 ऑगस्टलाच होतो.

इथे मध्येच मेक्सिको येतं, त्याला इलाज नाही. झेंडू तिकडचा. तिकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेलेल्या माणसांना घरची वाट सापडावी म्हणून याच्याच पाकळ्या पसरतात. आपल्याकडे तो समुद्र ओलांडून आला तो गेल्या चार-पाचशे वर्षांतला. त्याआधी आपल्या दारांना काय होतं? पानं आणि लोंब्या असाव्यात. म्हणजे ज्याच्या प्लॅस्टिकवरून मी चिडते तो स्वतःच पाहुणा. समोरच्या बाल्कनीतल्या बाईंना हे कळलं तर त्या माझ्यावर मात करतील, म्हणून मी सांगायला जात नाही. (आपटा म्हणून कांचनाची पानं विकतात, तो राग वेगळा. तो इथे काढला तर लेख पुरायचा नाही.)

आत्याच्या घरून निघालं की निळजे, काटईकडे भाताचीच खाचरं होती. चिमण्यांना चाळीपर्यंत यायची तशी गरज नव्हती. आता तिकडे पलावाचे टॉवर आहेत. माझ्या अकराव्या मजल्यावर कबुतरं येतात. त्यांना मात्र मी हुसकते, आत्याचा आवाज कानात असला तरी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुद्दाम कल्याणला गेले. स्टेशनबाहेर पाट्या लागल्या होत्या. लोंब्या घेऊन बसलेल्या एका मावशींसमोर वाकले आणि तो वास आला, कच्च्या दाण्याचा, ओल्या पेंढ्याचा. मावशी शहापूरकडच्या.

“घरच्या शेतातल्या का, मावशी?”

“आमचं शेत समृद्धीत गेलं. या भावकीच्या.”

समृद्धी महामार्ग, 701 किलोमीटरचा रस्ता. त्याचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते आमणे, 5 जून 2025 ला सुरू झाला. मी काहीतरी हळहळ व्यक्त करायच्या बेतात होते. मावशींना तेवढा वेळ नव्हता.

“त्या पैशांत पोरानं टेंपो घेतला. पहाटं पाड्यावरच्या समद्या बायांचा माल भरतो, थेट हितं. आधी कसाऱ्याच्या गाडीत पाटी चढवताना बाया अंगावर यायच्या.”

“मग बरंच झालं.”

“बरं कसलं! भाडं घेतो पोरगा. माझ्याकडनंबी घेतो. म्हणून जुडी तीसला, कमी नाय व्हायची.”