डोणीत पाणी आहे का, ते आधी बघ

चि. शेखर यास,


तू निवडून आल्याचं ताईनं फोनवर रडत रडतच सांगितलं. मी नुसतं ‘छान झालं’ म्हणाले आणि फोन ठेवला, त्याचं तुला वाईट वाटलं म्हणे. अरे, तुझ्या मागे ढोल वाजत होते, माझं बोलणं तुला ऐकू तरी गेलं असतं का? म्हणून हे पत्र. सवडीनं वाच. तीस वर्षं तराजूमागे बसलेला माझा भाचा नगराध्यक्ष झाला, याचा आनंद मला आहेच. काळजीही आहे, तीही लिहिते.

त्या रात्री मला आप्पा आठवले, तुझे आजोबा. तरुणपणी पोटासाठी कराचीला गेले, तिथे गोदीत कारकुनी केली आणि 1948 च्या सुरुवातीला बोटीनं मुंबईला आले. बरोबर एक ट्रंक, आमची आई आणि तिच्या कडेवर तुझी आई. पुढे आयुष्यभर नव्या गावात गेले की देवळाआधी गटार बघायचे आणि नाकाला उपरणं लावून म्हणायचे, “जमशेद शेठनं हे चालवून घेतलं नसतं.” लहानपणी मला वाटायचं, जमशेद शेठ म्हणजे आपलेच कुणी चुलत आजोबा असणार.

नात्याचे कुणी नव्हते. जमशेद नसरवानजी मेहता हे कराचीतले पारशी व्यापारी, जन्म 7 जानेवारी 1886 चा. वडिलांची नसरवानजी अँड कंपनी ही तिथली नावाजलेली पेढी. खारादर भागात 1903 साली बांधलेली तिची दगडी इमारत होती. ती पाडायची वेळ आली तेव्हा तिथल्या कलाशाळेनं दगडांवर क्रमांक घालून ती उतरवली आणि क्लिफ्टनला आपल्या आवारात जशीच्या तशी पुन्हा उभी केली. व्यापाऱ्याची वखार जपून ठेवावी असं एखाद्या शहराला वाटतं, हे मला विशेष वाटतं. आपल्या पेठेतली कुठली वखार लोक अशी उचलून नेतील, सांग बघू.

या वखारीचा वारस अॅनी बेझंट यांच्या थिऑसफीकडे ओढला गेला, होमरूल चळवळीत उतरला आणि तिथून नगरपालिकेत आला. 1922 पासून 1933 पर्यंत ते कराची पालिकेचे अध्यक्ष होते. कराची तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात, त्यामुळे तिला महापालिका करणारा 1933 चा कायदाही मुंबईच्या कायदेमंडळानं केला. त्या महापालिकेचे पहिले महापौर जमशेदच. महापौरपद वर्षभरही टिकलं नाही, पण काम त्याआधीच्या अकरा वर्षांत झालं होतं. हे लक्षात ठेव. मान मिळाला तो शेवटी, थोडक्यात.

काम म्हणजे काय? रुंद, डांबरी रस्ते, नळाचं पाणी, सांडपाण्याची व्यवस्था, प्रसूतिगृहं. शहराच्या पूर्वेला आखणी करून सहकारी गृहसंस्थांना जागा दिल्या. तिथे पारशी, सिंधी आमिल, ख्रिस्ती अशा वसाहती उभ्या राहिल्या आणि त्या भागाला जमशेद क्वार्टर्स हे नाव पडलं. कराचीचे रस्ते धुतले जात, हे आप्पा इतक्यांदा सांगायचे की आमची आई कंटाळून म्हणायची, “मग तिथंच जेवायला बसायचं होतं!”

पण मला सांगायचं आहे ते रस्त्यांबद्दल नाही. गाढवाबद्दल.

पीर अली मुहम्मद राशदी नावाचे सिंधी पत्रकार आणि राजकारणी होते. त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलेला हा प्रसंग. बंदर रोडवरून जमशेद मोटारीतून चालले होते. वाटेत एक जखमी गाढव दिसलं. ते उतरले आणि गाढवाबरोबर पायी चालत जनावरांच्या दवाखान्यात गेले. मोटार मागून हळूहळू येत होती. जखमेवर उपचार करून घेतले आणि जनावर बरं होईपर्यंत इथंच राहू द्या, औषधाचा आणि चाऱ्याचा खर्च माझ्याकडे, असं डॉक्टरांना सांगितलं. गाढवाच्या मालकाची रोजी बुडणार होती, तेही पैसे खिशातून काढून दिले.

भूतदयेची गोष्ट म्हणून लोक ही सांगतात. मी मास्तरीण, मला तिच्यात हिशेब दिसतो. बघ, नुसती दया असती तर मलमपट्टीवर काम भागलं असतं. पण गाढव बरं होण्याआधीच मालक त्याला पुन्हा गाडीला जुंपणार, कारण त्याच्या घरची चूल त्यावर पेटते, हे जमशेद यांना कळत होतं. मालकाला रागावून उपयोग नव्हता. खाड्यांचे पैसे भरले तरच गाढवाला विश्रांती मिळणार. हे व्यापाऱ्याच्या पोराला चटकन कळतं. नफा कुठे, तोटा कुणाच्या अंगावर, मधली गळती कुठे, हे पेढीवर बसल्यानं आलेलं शहाणपण आहे. तुझ्याकडेही ते आहे. उधारीची वही तू कशी सांभाळतोस, कुणाकडे तगादा लावायचा नाही हे तुला कसं ठाऊक असतं, मी पाहिलंय.

आता काळजीचं. दुकानात जो पायरी चढून येतो त्याचं काम करायचं असतं. आधी येईल त्याला आधी, जास्त घेईल त्याला दोन पैसे कमी. तुझा सगळा धंदा गिऱ्हाईक ओळखण्यावर चाललाय. उद्या पालिकेतही तुझ्या दालनाबाहेर अशीच रांग लागेल. ठेकेदार येतील, मंडळांचे कार्यकर्ते येतील, आपल्या वॉर्डातले लोक येतील. त्यांची कामं करता करता दिवस मावळेल आणि खूप काम केल्यासारखं वाटेल. जे रांगेत आलेच नाहीत, त्यांचं काय? गाढव कुणाच्या दालनात अर्ज घेऊन जात नाही. कराचीच्या रस्त्यांवर घोड्यांना आणि गाढवांना पाणी पिण्यासाठी दगडी डोण्या होत्या, त्यांच्याशी जमशेद यांचं नाव आजही जोडलं जातं. ज्याला मत नाही, ज्याच्याकडून पट्टी वसूल होत नाही, त्यालाही त्यांच्या शहरात तहान भागवण्याची जागा होती. दुकानदाराचा नगराध्यक्ष होतो तो इथे, शपथ घेताना नव्हे.

पुढे 1937 साली जमशेद सिंधच्या पहिल्या विधानसभेत निवडून गेले. त्या विधानसभेला स्वतःची इमारत होईपर्यंत तिच्या बैठका बंदर रोडवरच्या ना. ज. शाळेत भरत. ना. ज. म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य, सिंधमध्ये शाळा उभ्या करणारा आपला मराठी माणूस. शाळा 1855 ची. हे सांगताना आप्पांची छाती अजून दोन बोटं पुढे यायची.

मग फाळणी. 1941 साली कराचीत निम्मी वस्ती हिंदूंची होती, 1951 च्या जनगणनेत शंभरात दोन उरली. 6 जानेवारी 1948 ला तिथे दंगल झाली आणि आप्पांनी ट्रंक भरली. दुसऱ्या दिवशी जमशेद बासष्ट वर्षांचे झाले. ज्यांच्यासाठी रस्ते आखले, ज्यांच्या बायकांसाठी प्रसूतिगृहं काढली, ते लोक बोटीत बसून निघाले होते. आणि दुरून दुरून आलेली, ज्यांनी त्यांना कधी मत दिलं नव्हतं अशी माणसं त्याच नळांवर पाणी भरायला उभी राहत होती. जमशेद मात्र कुठे गेले नाहीत. 1 ऑगस्ट 1952 ला कराचीतच वारले. पाकिस्ताननं पुढे 1988 साली त्यांचं टपाल तिकीट काढलं.

आप्पांनी त्यांना दुरूनच काय ते पाहिलं होतं. एकदा मी विचारलं, इतकं सगळं केलं त्याचं शेवटी काय झालं, लोक तर गेले. आप्पा म्हणाले, “नळाला कुठं ठाऊक असतं, हंडा कुणाचा आहे?”

मतदानाच्या आधी मी तिकडे आले होते ना, तेव्हा आठवडी बाजारात गेले. वडाखालच्या दगडी डोणीत तुझी आणि तुझ्या विरोधकाची पत्रकं शेजारी शेजारी पडली होती. खाली पाण्याचा टिपूस नव्हता. एक बैल कोरडा दगड चाटत होता.

संक्रांतीला येते आहे. तुझं दालन सावकाश बघेन. एस.टी.तून उतरले की आधी डोणीपाशी जाईन.

तुझी,
मावशी

ता. क. – दुकानाच्या पाटीवर नावापुढे ‘नगराध्यक्ष’ लिहून घेणार आहेस असं कळलं. नको लिहूस.