वाघाचं ताट आणि आपलं दान



पर्युषण जवळ आलं की आमच्या महिला मंडळात जीवदया निधीचा विषय निघतो. पांजरपोळाचा चारा ठरलेलाच असतो. यंदा एका तरुण मैत्रिणीने सुचवलं की, बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात प्राणी दत्तक घ्यायची योजना आहे, तर मंडळाच्या नावाने वाघ घेऊ या. दत्तक म्हणजे प्राणी तिथेच राहतो, आपण त्याचा वर्षाचा खर्च उचलायचा. सगळ्या खूश! तेवढ्यात मागून एक काकू म्हणाल्या, "अगं, पण त्याला खायला काय घालतात?" सभेत एकदम शांतता.

मी बी.कॉम. झालेली, मंडळाचे हिशेबही माझ्याकडेच. जागा पाहिल्याशिवाय खर्च मांडायचा नाही, ही माझी सवय. म्हणून सूनबाई आणि नातवाला घेऊन शनिवारी सकाळीच बोरिवली गाठली. (सोमवारी उद्यान बंद असतं, जाणार असाल तर लक्षात ठेवा.) डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, बाटलीत घरचं गाळलेलं पाणी.

आधी पोदनपूरला तीन मूर्तींचं दर्शन घेतलं. आदिनाथ भगवान, आणि भरत-बाहुबली. मागे सगळं हिरवंगार जंगल. शंभर चौरस किलोमीटरहून मोठं जंगल, तुळशी आणि विहार तलाव त्याच्याच पोटात, आणि कुंपणाबाहेर लगेच इमारती. असं शहर दुसरं दाखवा मला.

सफारीची बस जाळीची. खरं तर आत आपण कोंडलेले आणि बाहेर तो मोकळा, पण त्याचं मोकळेपणही कुंपणापुरतंच. वाघ झाडाखाली पडला होता. बसमधली मुलं ओरडली तरी त्याने मान वळवली नाही, फक्त कान हलला. सिंहाचं कुंपण वेगळं. आपल्या देशात सिंह मोकळा राहतो तो गुजरातेत, गीरकडे. बोरिवलीच्या जंगलात खरा मोकळा फिरतो तो बिबट्या, आणि तो काही सफारीच्या तिकिटावर दिसत नाही.

नातवाने सिंह पाहिल्याबरोबर विचारलं, "आजी, हा महावीरांचा ना?" लांछन पाठशाळेत पाठ केलेलं. मग मी त्याला महावीरांच्या पूर्वभवाची गोष्ट सांगितली. हरीण मारून खाणाऱ्या सिंहाला दोन चारण मुनींनी उपदेश केला, त्याला आपला भव कळला, त्याने मांस सोडलं आणि शांतपणे देह ठेवला. नातू लगेच म्हणाला, "मग ह्यालाही सांगू या का?" बसमधले लोक हसले. मला मात्र हसू आलं नाही. त्या सिंहाने स्वतः सोडलं होतं. इथे कुंपणातल्या जीवाला आपण काय सोडायला लावणार? त्याचं पोट, त्याचे दात, आतडी सगळी मांसासाठीच. त्याला गवत घातलं तर तीच हिंसा.

म्हणजे मांस येणारच. रोज, किलोच्या हिशेबाने, कुठल्या तरी कत्तलखान्यातून. बऱ्याच प्राणिसंग्रहालयांत मोठ्या प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवतात, पचनासाठी. आमच्या काकूंना हे ऐकून फार बरं वाटलं, "वाघालाही उपास!" पण उरलेले सहा दिवस आहेतच.

आपल्याकडे कृत, कारित, अनुमोदना असे तीन खण आहेत. मी मारलं नाही, हे खरं. पण वाघाच्या खर्चाची पावती माझ्या नावाने फाटली, तर ती कारितात जाते, असं मला वाटतं. सूनबाईला पटलं नाही. ती म्हणाली, "आई, त्याला कोंडलं माणसांनी, मग खाऊ घालायची जबाबदारीही माणसांचीच. गावात शिरलेले, जखमी झालेले बिबटेही इथेच आणून ठेवतात. त्यांना उपाशी ठेवणं ही कुठली दया?" मुद्दा बिनतोड आहे. मी तिला उत्तर देऊ शकले नाही, आणि देण्याची घाईही केली नाही.

मी चितळ सुचवणार आहे. हरणाला चारा लागतो, आणि खर्चही वाघाहून खूप कमी, आपल्या निधीत बसतो. कोणी म्हणेल, ही पळवाट आहे. एका गल्ल्यात पडलेल्या पैशाला रंग नसतो, आपण चारा दिला म्हणून वाचलेला पैसा मांसाकडे जाईलच. हिशेबाच्या दृष्टीने मी हे नाकारत नाही. पण व्रत माझं आहे, उद्यानाचं नाही, आणि माझ्या वहीत "मांस खर्च" असं खातं मी उघडणार नाही.

सूनबाई स्वतःच्या पगारातून बिबट्यासाठी काही देणार म्हणते. तिला मी अडवलेलं नाही. सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणून आम्ही लवकरच निघालो.

मंडळाची बैठक येत्या रविवारी आहे. काकूंचा प्रश्न मी पहिल्या क्रमांकावर घेतला आहे.