हवेतला वेळ

भौतिकशास्त्राच्या पुस्तकातल्या माणसांना दगड फेकण्यावाचून दुसरा उद्योगच नसतो. कोणी मनोऱ्यावर चढून फेकतो, कोणी जमिनीवरून ३० अंशांचा कोन साधून फेकतो. तो कुणाच्या टाळक्यात पडला याची चौकशी नाही. हवेत किती वेळ होता तेवढे सांगा! शिवाय ‘हवेचा विरोध दुर्लक्षित करावा’ ही तंबी. हवेचाच काय, घरच्यांचा विरोधही या मंडळींनी दुर्लक्षित केलेला असावा.

असले गणित घेऊन आमचा बारावीतला भाचा परवा आला. परीक्षा चार दिवसांवर, चेहरा सुतकी. पोरगं धड जेवत नाही, असे ताईचे म्हणणे.

“मामा, जोरात फेकलेला दगड जास्त वेळ हवेत राहणार ना?”

मी टेबलाच्या कडेवर दोन नाणी ठेवली. एकाला टिचकी मारून लांब उडवले, त्याच क्षणी दुसरे नुसते खाली लोटले. ‘टण्’ असा एकच आवाज आला. (दुसरा आवाज स्वयंपाकघरातून हिचा : “आता काय पाडलंत?”) टेबल ८० सेंटिमीटर उंच. एक नाणे कपाटाखाली गेले, एक पायाशी पडले. पण खाली यायला दोघांनाही सुमारे ०.४ सेकंदच लागले.

“अरे, १९८३ चा विश्वचषक आठव,” मी म्हणालो. (तेव्हा त्याची आईसुद्धा शाळेत होती, पण मामाला हे चालते.) लॉर्ड्सवर मदनलालच्या चेंडूवर रिचर्ड्सने फटका मारला, चेंडू उंच उडाला आणि कपिलदेव मागे धावत सुटला. किती लांब पळायचे ते चेंडूचा आडवा वेग ठरवीत होता. पळायला वेळ किती, ते मात्र एकटा उभा वेग. समजा, तो सेकंदाला २० मीटर होता. गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला त्यातले १० कापून घेते, पगारातून प्राप्तिकर कापावा तसे, न चुकता. म्हणजे वर जायला २ सेकंद, खाली यायला २. झाले ४! तोच फटका सपाट बसता, तर कपिल पोचण्याआधी चेंडू सीमेपार.

भाच्याने वही ओढली. मनोरा ४५ मीटर, दगड आडवा फेकलेला, वेग सेकंदाला १५ मीटर. पेन्सिल थबकली. मग त्याने त्या १५ वर काट मारली.

“मामा, हा नुसता फसवायला दिलाय! उत्तर ३ सेकंद.”

रात्री त्याने चौथी पोळी स्वतः मागून घेतली.