मामाने बंद केलेला पंखा

परभणीहून जिंतूरची एसटी पकडायची आणि वाटेत बोरीला उतरायचं. माझं आजोळ! यंदा मे महिन्यात गेलो, तर मामा म्हणाला, 'चल, एका कागदासाठी कचेरीत जाऊन येऊ.' बाहेर ऊन मी म्हणत होतं. आत साहेबांची खोली रिकामी, पण दोन पंखे आणि ट्यूब मस्त चालू. मामाने सरळ बटणं बंद केली.

'राहू द्या की मामा, बिल सरकार भरतं,' शिपाई हसला.

'सरकार म्हंजे कोन रे? आपुनच की!'

२००० च्या दशकातल्या लोडशेडिंगमध्ये मध्यरात्री लाइट आली की हाच मामा मोटार चालू करायला विहिरीवर पळायचा. त्याला विजेची किंमत कळणारच.

हिशेब सोपाय. जुना पंखा ७५ वॅटचा, ८ तासांत ०.६ युनिट. नवा बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅटचा, म्हणजे निम्म्याहून कमी. सरकारी इमारतींतले जुने दिवे, पंखे, एसी बदलायला राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने २०१७ मध्ये ईईएसएल या केंद्राच्या कंपनीशी करारही केला. पण रिकाम्या खोलीत नवा पंखाही फुकटच फिरणार ना?

मला मात्र लाज वाटली. मी पुण्यात सरकारी बँकेत. आमचा एसी १८ वर, आणि आम्ही स्वेटर घालून! एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिएन्सी सांगते.

सोमवारी गेल्या गेल्या रिमोट २४ वर नेला. 'कोणी केलं रे हे?' ओरडा झालाच.

म्हटलं, 'माझ्या मामाने!'