अमेरिकेस धाडलेला अर्ज

अमेरिकेंतील विद्यापीठांत शिकावयास जाण्याची इच्छा आमच्या मुलामुलींच्या तोंडून हल्लीं वरचेवर ऐकूं येते. ऐकून संतोष वाटतो. परंतु तो अर्ज म्हणजे काय प्रकरण आहे याची कल्पना मुलांस नसते, आणि पालकांस तर त्याहूनही नसते. गेल्या पावसाळ्यापासून आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या अर्जांत आम्हांस बरेंच लक्ष घालावें लागलें. त्यांत जें दिसलें तें येथें लिहीत आहों.

आपल्याकडे प्रवेश म्हणजे गुण. यादींत नांव बसलें कीं काम झालें. मुलगा कोण, कसा, हें कोणी विचारीत नाहीं. तिकडे गुण पाहतातच. नववीपासून बारावीपर्यंतचीं गुणपत्रकें मागतात, इंग्रजीची परीक्षा मागतात, पुष्कळ ठिकाणीं १६०० गुणांची सॅट परीक्षाही मागतात. पण तेवढ्यावर भागत नाहीं. हजाराहून अधिक कॉलेजांस चालणारा ‘कॉमन अ‍ॅप्लिकेशन’ नांवाचा एक अर्ज आहे. त्यांत ६५० शब्दांच्या आंत एक निबंध लिहावा लागतो, आणि त्या निबंधाचा विषय स्वतः अर्जदारच असतो.

येथें आमचा विद्यार्थी अडला. निबंध त्यानें पुष्कळ लिहिले होते; परंतु ते ‘पावसाळ्यांतील एक दिवस’ आणि ‘मी मुख्यमंत्री झालों तर’ असे. चारचौघांत स्वतःविषयीं फार बोलूं नये हें आपण मुलांस लहानपणापासून शिकवितों, आणि तें वाईट शिकवितों असें आम्ही म्हणणार नाहीं. परिणाम मात्र असा झाला कीं त्यानें आणलेला पहिला मसुदा भारताच्या प्राचीन संस्कृतीविषयीं होता. इंग्रजी निर्दोष होतें. लिहिणारा त्यांत कोठेंच नव्हता.

या मुलाच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे आणि संध्याकाळीं तो तेथें बसतो. आम्हीं गिरणीविषयीं विचारलें, तेव्हां तो सहज बोलूं लागला. बाजरीमागून लगेच गहूं टाकला तर पहिल्या पिठांत बाजरी उतरते, म्हणून डबा ठेवण्यापूर्वीं गिऱ्हाईक ‘आधीं काय दळलें?’ असें विचारतें. पीठ चिमटींत धरलें कीं जाड कीं बारीक हें त्यास न पाहतां कळतें. दगडांस टाकी लावण्याची वेळ आली हें तो आवाजावरून ओळखतो. कोणाच्या घरीं पाहुणे आले आहेत, कोणाचा डबा महिनाभर आलेला नाहीं, उधारी कोणाकडे मागावी आणि कोणाकडे मागूं नये, हें सारें त्यास ठाऊक.

‘हेंच लिही,’ आम्ही म्हणालों.

‘सर, ह्यांत लिहिण्यासारखें काय आहे?’

तरी त्यानें लिहिलें, पांच वेळां लिहिलें. आम्हीं त्यांत एक शब्दही घातला नाहीं. पैसे घेऊन असे निबंध लिहून देणारीं माणसें शहरांत आहेत; पालकांनीं त्यांच्या वाटेस जाऊं नये. हें सर्व माझेंच आहे अशी सही अर्जदारास करावी लागते, आणि ती खोटी ठरल्यास दिलेला प्रवेशही काढून घेतां येतो.

अशा अर्जाची ओळख महाराष्ट्रास नवी नाहीं. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, अमेरिकेस पोंचल्या व फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजास त्यांनीं पत्र लिहिलें. आपण प्रवेशाच्या सर्व अटींत कदाचित् बसत नसूं, हें त्यांनीं लपविलें नाहीं. स्वकीयांचा व जातीचा विरोध सोसून ज्या निश्चयानें आपण आलों तो निश्चय जमेस धरावा, असें मात्र निर्भीडपणें लिहिलें. १८८६ सालीं त्या डॉक्टर झाल्या. त्या पत्राची नक्कल आम्हीं मुलास वाचावयास दिली. गिरणीचा निबंध त्यानंतर सुधारला, असें आमचें मत आहे.

याहून कठीण भाग पुढें होता. तेथील अनेक नामांकित खासगी विद्यापीठांचा वर्षाचा खर्च, राहणें-जेवण धरून, ८०,००० डॉलरांहून अधिक आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम्. आय्. टी. अशीं थोडीं विद्यापीठें परदेशी मुलाची ऐपत न पाहतां प्रवेश देतात आणि लागेल ती मदत करतात. बहुतेक ठिकाणीं मदत मागणाऱ्या परदेशी मुलाची वाट अधिक अरुंद असते. मदत हवी तर वडिलांचें उत्पन्न, घर, कर्ज, सर्व कांहीं लिहून द्यावें लागतें.

‘सर, सोयरिकीच्या वेळींही आम्हीं एवढें सांगितलें नव्हतें,’ वडील म्हणाले. दोन आठवडे ते आलेच नाहींत. मग एका रविवारीं उधारीची वही फडक्यांत बांधून घेऊन आले. परत न येणारी उधारी उत्पन्नांत धरावी काय, या एका प्रश्नावर तो रविवार गेला.

आठ ठिकाणीं अर्ज गेले. मार्चअखेर सात नकार आले. आठव्या विद्यापीठानें प्रवेश दिला, मदतही दिली. तरी वर्षास चार हजार डॉलर कमी पडतात. शिवाय सेव्हिसचे ३५० डॉलर, व्हिसाचे १८५ आणि विमानाचें भाडें. पहिल्या वर्षाची रक्कम दाखविल्यावांचून व्हिसासाठीं लागणारा ‘आय्-२०’ कागद विद्यापीठ देत नाहीं. वडील गिरणी गहाण ठेवावयास तयार आहेत. मुलगा तयार नाहीं. दोघेही आम्हांस विचारावयास आले. आम्हीं चार वर्षांचा हिशेब व्याजासह मांडून दिला. निर्णय त्यांचा त्यांनींच करावयाचा आहे.

मदतीचा पुन्हा विचार व्हावा असें विद्यापीठास कळवितां येतें. तें पत्र मुलानें स्वतः लिहिलें, वडिलांस मराठींत वाचून दाखविलें आणि गेल्या सोमवारीं धाडलें. होय किंवा नाहीं हें त्यास १ मेपर्यंत कळवावयाचें आहे. विद्यापीठाचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.